यंदा रस्त्यानं आलास

लोकांना अस्वलं दाखवायचं काम मी एकोणीस वर्षं करतेय. आमची सहल चार दिवसांची असते. पहिल्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचं गाव दाखवायचं, म्हणजे हातमाग, पाणचक्की, लाकडी पिंपं करणाऱ्याचं घर. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला जंगलातल्या लपणात बसवायचं आणि चौथ्या दिवशी गाडीत बसवून टाटा करायचा.

लपण म्हणजे फळ्यांची लांबट खोली. एका बाजूला सहा लहान खिडक्या, प्रत्येक खिडकीपुढे एक स्टूल. खाली रबरी चटया, म्हणजे बुटांचा आवाज होत नाही. समोर चाळीसेक पावलांवर झाडं तोडून मोकळी केलेली जागा आहे. माझा थोरला भाऊ, ज्याला सगळे दादाच म्हणतात, तो दुपारी तिथे मका टाकून येतो. मग बोलायचं नाही, शिंकायचं नाही, गोळीचा कागदसुद्धा उलगडायचा नाही. अस्वल येईल किंवा येणार नाही. त्याला वेळ कळवलीय ना, असं प्रत्येक तुकडीत कुणीतरी विचारतंच आणि मी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसते.

त्या वर्षीची ऑक्टोबरातली शेवटची तुकडी. पक्षी बघत फिरणाऱ्या दोन बहिणी, नुकतं लग्न झालेलं डॉक्टर जोडपं आणि एक निवृत्त नवराबायको. बाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या यजमानांनी सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात काढलेली. बहिणींनी पहिल्याच संध्याकाळी त्यांचं नाव लिफ्टकाका ठेवलं आणि ते त्यांना आवडलं. काकांना खरं तर समुद्रावर जायचं होतं. "हिनं अस्वलांचं काढलं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं घरात शिस्त खाल्ली, आता हे." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि ते गप्प बसले, पण मजेत. डोंगर असा त्यांनी आयुष्यात पाहिलाच नव्हता. आमच्या भागात येण्याची ही पहिलीच वेळ, हे त्यांनी गाडीत दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गावात गेलो. वर अकरा घरं आहेत, त्यांतली पाच राहती. पहिलं घर आत्याचं. ती कुणाचीच सख्खी आत्या नाही, पण गाव तिला तसंच हाक मारतं. वय ऐंशीच्या पुढे. मी पाहुण्यांना माग समजावून सांगते आणि ती विणत राहते. एकोणीस वर्षांत तिनं पाहुण्यांकडे मान वर करून पाहिलेलं मला आठवत नाही.

त्या घरात दारानंतर लगेच एक तुळई खाली आलेली आहे. प्रत्येकाला सांगावं लागतं, तरी निम्म्यांना लागतेच. त्या दिवशी मी तोंड उघडण्याआधीच लिफ्टकाका वाकले आणि आत गेले. ते बोलत होते बाईंशी, मान वळवून. तुळईकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

मागाचा आवाज थांबला.

आत्या त्यांच्याकडे पाहत होती. आश्चर्यानं नाही. उशिरा घरी आलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

"यंदा रस्त्यानं आलास," ती म्हणाली.

काका हसले. तुमचा काहीतरी घोटाळा होतोय आजी, मी पहिल्यांदाच येतोय, असं त्यांनी समजावलं. तिनं वाद घातला नाही. दारामागून एक बुटकं स्टूल काढलं, शेगडीजवळ ठेवलं आणि पुन्हा विणायला बसली. काका थोडा वेळ उभे राहिले, मग त्या स्टुलावर जाऊन बसले. बाईंना कुणी बस म्हटलं नाही. बाहेर पडल्यावर बाई मला म्हणाल्या की म्हातारं माणूस आहे, दिसत नसेल नीट, पण अरेतुरे करायचं म्हणजे जरा जास्तच. मी म्हटलं, इथे सगळ्यांनाच तसं बोलतात. ते खरं नव्हतं.

पाणचक्कीवर तर कुत्रा आहे. तो माझ्यावरही भुंकतो. त्या दिवशी तो काकांना पाहून बैलगाडीखाली सरकला आणि पुढच्या दोन पायांवर हनुवटी टेकून पडून राहिला. चक्कीवाला माणूस तुसडा, पाहुण्यांशी एक शब्द बोलत नाही. त्यानं हातावरचं पीठ झटकलं, काकांच्या डाव्या पायाकडे बोट केलं आणि विचारलं, "ती तार निघाली का शेवटी?"

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

परतताना बाईंनी मला बाजूला घेतलं. चार वर्षांपूर्वी काम करताना लिफ्टच्या दोरातली तुटलेली तार काकांच्या डाव्या घोट्यात घुसली होती. त्यापायी नोकरी सुटली. अजून एक तुकडा आत आहे, डॉक्टर काढू नका म्हणाले. "हे त्या चक्कीवाल्याला कुणी सांगितलं?" बाई विचारत होत्या. "तुम्ही?" मला कुठून माहीत असणार. मी म्हटलं, काका किंचित लंगडतात, त्यावरून त्यानं अंदाज केला असेल. आमच्याकडे जंगलात तारेचे फास लावतात चोरटे, तेच त्याच्या डोक्यात असणार. हे स्पष्टीकरण मला पटलं होतं. अजूनही त्यात मला चूक काढता येत नाही.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो ट्रॅक्टरचं चाक बघत होता. ऐकून झाल्यावर त्यानं पाना खाली ठेवला आणि उद्या त्यांना लपणात नेऊ नकोस, एवढंच म्हणाला. का, विचारलं तर म्हणे थंडी आहे. मी चिडले. पाचशे कोसांवरून आलेल्या माणसाला थंडी आहे म्हणून खोलीत बसवायचं होय?

तिसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच म्हणाले की ते येणार नाहीत. रात्री झोप झाली नव्हती, डोळे लाल होते. बाई काही बोलल्या नाहीत. बोलले मी. इतक्या लांब आलात, अस्वल न बघता जाणार का, लपण पक्कं आहे, आजवर एकालाही खरचटलेलं नाही, असं सगळं माझ्या त्या सहलीवाल्या आवाजात मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. तो क्षण मी पुष्कळ वेळा परत आठवून पाहिलाय.

चारला आम्ही बसलो. काका शेवटच्या, सहाव्या खिडकीशी. त्यांच्या डावीकडे बाई. हवा स्वच्छ होती, वारा आमच्याकडे येत होता. चार वीसला पहिली मादी आली, फाटक्या कानाची, मागे दोन पिल्लं. बहिणींपैकी धाकटीनं माझा हात दाबला. मी खूश झाले.

पण मादीनं मक्याला तोंड लावलं नाही. ती मोकळ्या जागेच्या मधोमध आली आणि बसली. पिल्लंही बसली. पिल्लं कधी बसत नाहीत.

पावणेपाचला उजवीकडून मोठा नर आला. नर आला की पिल्लंवाली मादी पळते, पळावंच लागतं, कारण तो पिल्लं मारतो. ही पळाली नाही. नर तिच्यापासून दोन हातांवर बसला.

पाच वाजेपर्यंत नऊ झाली. माझ्या नोंदीत त्या टापूत एकूण सातच होती.

एकही खात नव्हतं. एकही हुंगत नव्हतं. सगळी लपणाकडे तोंड करून बसली होती, फोटो काढायला बसवलेल्या वर्गासारखी. डॉक्टरांनी माझ्या कानाशी विचारलं, असं नेहमी होतं का. मी हो म्हटलं.

मग लक्षात आलं की ती लपणाकडे पाहत नव्हती. ती सहाव्या खिडकीकडे पाहत होती.

मी खुणेनं काकांना उठवलं आणि डॉक्टरांच्या जागी, दुसऱ्या खिडकीशी बसायला सांगितलं. ते चटईवरून आवाज न करता गेले. मी खिडकीतून पाहत होते.

नऊ डोकी सावकाश वळली.

बाई उठून काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी काकांच्या कोटाची पाठ मुठीत धरली होती, लहान मुलाला गर्दीत धरतात तशी.

काका उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लिफ्टमध्ये आपला मजला आल्यावर माणूस जसा पुढे सरकतो, तसे ते दाराकडे निघाले. कोट ताणला गेला. मी दाराला पाठ लावली.

"ताई, जरा सरकता का," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात, मोठ्यानं. "माझ्यासाठी थांबलेत ते."

त्या आवाजानं एरवी अख्खं जंगल पळालं असतं. बाहेर एक कानही हलला नाही.

मी नाही म्हटलं. त्यांनी मला ढकललं नाही. मी वायरलेसवर दादाला बोलावलं. तो येईपर्यंत अठरा मिनिटं ते माझ्यासमोर, हातभर अंतरावर उभे होते आणि माझ्या खांद्यावरून दाराच्या फळीकडे पाहत होते.  मोठी बहीण तोंडावर रुमाल धरून रडत होती.

ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. अस्वलं उठली, पण पळाली नाहीत. एकामागून एक झाडांत गेली. मादी शेवटी गेली आणि जाताना तिनं एकदा मागे पाहिलं.

काका खाली बसले.

"आता मी कुठं जाऊ?" त्यांनी विचारलं.

"घरी," बाई म्हणाल्या. "आपण घरी जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते गेले. स्टेशनवर काका अगदी शहाण्यासारखे वागले, माझे आभार मानले, बहिणींना चिडवलं. त्याच दिवशी मी आत्याकडे गेले. ती विणत होती. मी तिथे उभी राहिले, काय विचारायचं ते जुळवत. तिनं वर न बघता म्हटलं, "दार धरलंस." पुढे काही नाही. दादानं त्या विषयावर आजतागायत एक अक्षर काढलेलं नाही.

नोव्हेंबरात बाईंचा पहिला फोन आला. काका सफरचंदं पेटीच्या पेटी खातात, वजन पंधरा किलोनं वाढलं, बोलणं कमी झालंय. मधुमेह तपासला, काही नाही. मी म्हटलं, प्रवासाचा ताण. दुसऱ्या फोनला त्या म्हणाल्या की त्यांनी घरातली सगळी पांघरुणं जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत नेलीत, आणि तिथेच बसून असतात. आवाज शांत होता, शाळेतल्या एखाद्या मुलाबद्दल सांगावं तसा.

तिसरा फोन डिसेंबरात आला, भर दुपारी. मी नव्या तुकडीचं पत्रक लिहीत होते.

काका झोपलेत त्याला आज अकरावा दिवस, बाई म्हणाल्या. डॉक्टर दोनदा येऊन गेले. सगळं ठीक आहे, नाडी तेवढी मंद. दवाखान्यात हलवायला माणसं आणली होती, पण अंगाला हात लावल्यावर त्यांनी डोळे न उघडता असा काही आवाज काढला की माणसं निघून गेली. मी ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "ती उठतात कधी हो?"

हिवाळाभर झोपलेली अस्वलं उठतात कधी, हा प्रश्न प्रत्येक तुकडीत असतोच. माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं, मार्चच्या मध्याला, बर्फ किती त्यावर. त्यांनी ते मला पुन्हा सांगायला लावलं. त्या लिहून घेत होत्या.

मी येते, मी म्हटलं. उद्याच निघते.  त्या म्हणाल्या, "इथे जिन्याखाली ऊब चांगली आहे. तुम्ही ऐका."

फोन सरकल्याचा आवाज झाला, कापडावरून. मग काही नाही. मग काकांचा एक श्वास, खोल, जड. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुसरा श्वास आला तेव्हा एकेचाळीस सेकंद झाले होते.

त्या एकेचाळीस सेकंदांत, फोन हातात धरून बसलेल्या बाईंचा श्वास मला एकदाच ऐकू आला.