तिचं पान

खाणीत उतरताना आम्ही फळ्यावर आपला बिल्ला टांगतो, वर आलो की काढतो. बिल्ला उरला म्हणजे माणूस अजून आत आहे. त्या डोंगरावर तेच, फक्त उलटं.

दिवाळीची सुटी. भामरागडच्या पुढं, अभयारण्यातल्या डोंगराच्या पायथ्याशी, तिथल्याच पाड्यातल्या मंगलीबाईनं आम्हा नवराबायकोला मोहाचं एकेक पान दिलं, दगडाखाली ठेवायला लावलं.

"उतरल्यावर आपापलं उचला. दुसऱ्याचं नाई."

"इथीबी हजेरी हाय का, बाई?" दिव्यानी हसली. "ह्यायले तर सुटीतबी खाणच दिसते."

माथा सपाट होता. लाल मुरूम, कमरेएवढं गवत, स्वच्छ ऊन. वारा अंगाला लागत होता, गवत हलत नव्हतं. दिव्यानी माझ्यासमोर बाटलीतून पाणी पीत होती, आणि तिचा खोकला माझ्या मागून आला.

वळलो. कोणी नाही.

प्रतिध्वनी, म्हणालो. आवाज आदळावा असा कडा कुठंच नव्हता. तरी तेच म्हणालो.

उतरताना तिचा गुडघा धरला. "तुमी व्हा समोर. मी येऊन राह्यली."

पायथ्याशी मी माझं पान उचललं. मग तिचंही. खाणीत थकलेल्या सोबत्याचा बिल्ला आपणच काढतो. चालत नाही, पण सगळे काढतात. हात सवयीनं गेला. ती वळणावर दिसत होती ना.

मंगलीबाई ताडकन उठली. "तिचं काऊन उचललं, भाऊ?"

"येतेच आहे ती."

"कोन?"

इथं माझी गडबड होते. नीट सांगतो.

ती वळणावरून खाली आली.

पुन्हा सांगतो. ती खाली आली, माझ्या शेजारी उभी राहिली, पदरानं घाम पुसला. आणि वर वळणावर ती अजूनही दिसत होती.

मी पान परत ठेवायला वाकलो.

"आता ठेवून काय होते," मंगलीबाई म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "निघा."

आता तुरीचे दिवस आहेत. चंद्रपूरच्या क्वार्टरात दिव्यानी माझ्यासमोर शेंगा सोलत बसली आहे. तीच आहे. तोच गुडघा, तेच टोमणे. पान माझ्या जेवणाच्या डब्यात आहे. अजून हिरवं.

मघाशी बसल्या बसल्या डोळा लागला. झोपेतच हाक मारली, "दिव्यानी, आलीस का?"

"येऊन राह्यली!"

आवाज छपराच्याही वरून आला. दमलेला.

समोरच्या दिव्यानीनं मान वर केली नाही. हातातली शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"तिले हाक नका मारू ना," ती हळूच म्हणाली. "वाट सापडन तिले."