जलद्वाराचे स्तोत्र

रोमी पातशाहीच्या पूर्व सरहद्दीवर, जिथे डोंगर संपून इराणी शहेनशहाच्या अमलाखालचे उजाड मैदान सुरू होते, तिथे एका नदीच्या वळणावर बेथ-सहारा नावाचे तटबंद नगर उभे होते. त्या पहाटे धुके ओसरले तेव्हा पहारेकऱ्यांना पुन्हा तेच दिसले : खंदकापलीकडे दूरवर पसरलेल्या इराणी राहुट्या, आणि मधल्या पट्ट्यात कुणीच उचलून न नेलेली प्रेते. वेढ्याचा एकसष्टावा दिवस उजाडला होता.

पूर्व बुरुजावर तीस स्त्रिया गात होत्या. त्यांना गायला शिकवणारा योनान, ख्रिस्तमंदिराचा सेवक, मागे उभा राहून ताल देत होता. वेढा पडल्यापासून तो रोज स्तोत्र रची आणि उपाशी नगर त्या स्तोत्रावर तग धरी. दहा दिवसांपूर्वी किल्लेदार मार्कियनने त्याला मोहोरबंद खलिता दाखवला होता : पातशहाची कुमक निघाली आहे. त्याच दिवशी योनानने लिहिले,

'कुमक डोंगर उतरली, लेकरांनो, टापांचा नाद प्रभूच्या कानी आला.'

हीच ओळ गाताना पुढच्या रांगेतल्या तक्लाच्या गळ्यात बाण रुतला. एकोणीस वर्षांची ती मुलगी आवाज न करता खाली बसली. तिची आई शमूनी शेजारीच गात होती. तिने लेकीचे डोके मांडीवर घेतले आणि इतर स्त्रिया थांबल्या तरी ती मात्र ओळ पुरी करूनच थांबली.

दुपारी योनान किल्लेदाराच्या खलबतखान्यात गेला. अंगरख्यावर रक्त वाळले होते.

"सरदार, कुमक कुठवर आली आहे? लोकांना काही सांगितले पाहिजे."

मार्कियनने दार लावून घेतले. "तो खलिता इथेच लिहिला गेला, याच मेजावर. कुमक येणार नाही. उद्या सूर्योदयाला माझे तीनशे स्वार नदीकडच्या जलद्वारातून बाहेर पडतील. इराणी सेनापतीने वाट सोडण्याचे वचन दिले आहे."

"आणि दार?"

"उघडे राहील. वचनाची किंमत तीच आहे." तो शांतपणे पुढे म्हणाला, "त्या वेळी सारे नगर पूर्व तटावर हवे. तुमच्या स्तोत्राखेरीज ते कशाने जमायचे? तुमच्यासाठी एक घोडा राखून ठेवला आहे, योनान."

आपण नाही म्हटले तर इथून जिवंत बाहेर पडणार नाही आणि नगराला कधीच काही कळणार नाही, हे योनानने ओळखले. तो म्हणाला, "गाईन."

तेव्हापासून एक रोमी शिपाई त्याच्या पाठीशी होता. कुणाशी बोलू देईना. योनान मंदिराच्या पायरीवर बसून राहिला. तक्लाचा आवाज त्याला ऐकू येत होता. भास म्हणावा इतका पुसट नव्हे, तर रोजच्यासारखा, इतरांच्या अर्धी मात्रा पुढे धावणारा, आणि प्रत्येक वेळी त्याच ओळीवर तुटणारा.

पहाटे तटावर माणसांची दाटी झाली. शिपायाने सुरीचे टोक योनानच्या बरगडीला टेकवले. त्या शिपायाला नगराची भाषा येत नव्हती, कानाला फक्त चाल ओळखीची होती. योनानने तीच चाल धरली.

'कुमक डोंगर उतरली नाही, लेकरांनो, मी खोटे गायलो.
जलद्वार उघडते आहे. धावा, दगडांनी ते बुजवा.'

योनानने दोन्ही ओळी पुन्हा म्हटल्या. मग शमूनी वळली आणि जिना उतरू लागली, आणि तिच्यामागे तट रिकामा होऊ लागला, तेव्हा शिपायाला उमगले. सुरी बरगड्यांत शिरली. पडता पडता योनान तिसऱ्यांदा तेच गात होता.

स्वार जलद्वाराशी पोचले तेव्हा कमानीत गाड्या, जात्यांचे दगड आणि मंदिराची बाके रचली जात होती, आणि त्या ढिगापुढे बायामाणसे स्वतः आडवी उभी होती. ज्यांच्या घरी आपण उतरलो त्या बायांवर, आपल्याला भाकरी देणाऱ्या हातांवर घोडे घालायला स्वार धजले नाहीत. मार्कियनची तलवार त्याच्याच माणसांनी काढून घेतली. तेच तीनशे मग तटावर लढले. त्यानंतर सतराव्या दिवशी इराणी छावणीत पटकी शिरली आणि इराण्यांनी तह मान्य केला : नगर त्यांचे, पण रहिवाशांना मुलाबाळांसह सुखरूप जाऊ द्यायचे.

सुरीच्या घावातून योनान वाचला. पश्चिमेच्या एका नगरात, निर्वासितांच्या वस्तीत, तो आणखी सव्वीस वर्षे जगला. शेकडो स्तोत्रे रचली, लोक त्याला जिवंतपणीच संत म्हणू लागले. पण वस्तीला सर्वांत प्रिय राहिले ते कुमकेचेच स्तोत्र. तान्ह्यांना निजवताना, मृतांना पुरताना, ते तेच गात.

एकदा तो शमूनीकडे गेला. "आई, ते गाऊ नका. ते खोटे होते. तक्ला त्या खोट्यापायी गेली."

म्हातारी धान्य निवडत होती. "ठाऊक आहे. तुम्ही तिसऱ्यांदा गायलात तोवर मी जिना उतरले होते, पण पहिल्यांदाच कळले होते."

"मग?"

"तुम्हाला ते खोटे आहे, योनानबाबा. तिच्या तोंडी ते खरे होते. मी तिचे गाते."

पुढे दर रविवारी ते स्तोत्र सुरू झाले की वृद्ध योनान मंदिराबाहेर उन्हात जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राही, आणि शमूनीचा थरथरता आवाज त्या ओळीपलीकडे सुखरूप जाईपर्यंत डोळे मिटून घेई.