दुपारचा प्राणवायू

बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर मेलेले मासे अडतीस होते. त्यांच्यावर टपलेले बगळे तीन, पाणकावळा एक. पलीकडच्या वाळक्या फांदीवर खंड्या एक. तो जिवंत मासाच धरतो, म्हणून नुसता बसून होता. शलाकाने सगळं दोनदा मोजलं.

अडतीसही रोहूची बोटुकली (बोटाएवढी झालेली पिल्लं) होती. तिच्या सातवीच्या वर्गाने शाळेच्या टाकीत वाढवलेली. गेल्या आठवड्यात मुलांनी अशी दोनशे बोटुकली नदीकाठच्या या उद्यानातल्या बंधाऱ्यात सोडली होती.

"पण कासव म्हणतं पाणी उत्तम आहे," ती अप्पांना म्हणाली.

अप्पा तिच्या आईचे वडील, पाण्याचे रसायनशास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी इथे फेरी मारून गळ टाकून बसत. आज गळ गुंडाळलेलाच होता. कासव म्हणजे पाणी तपासणारा यंत्रमानव. तो काठाशी तरंगत होता आणि त्याच्या पाठीवर हिरवा दिवा होता.

"पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती?" अप्पांनी विचारलं.

"लिटरला अकरा मिलिग्रॅम. माशांना पाच पुरतो."

"कधी मोजलास?"

"काल दुपारी दोनला. रोज दोनलाच मोजतो. मला तसंच सांगितलंय."

"आत्ता मोज."

कासवाने नळी बुडवली. दिवा लाल झाला. "शून्य पूर्णांक नऊ."

"रात्रीत कुणी चोरला?" शलाकाने विचारलं.

"पाणी हिरवं दिसतंय ना? ते सूक्ष्म शेवाळ. उन्हात ते प्रकाशसंश्लेषण करतं (सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं अन्न बनवतं) आणि प्राणवायू सोडतं. म्हणून दुपारी अकरा. पण श्वास तेही घेतं, दिवसरात्र. अंधारात देणारं कुणी नाही, घेणारे सगळे. पहाटेपर्यंत पाणी रिकामं."

"एवढं शेवाळ आलं कुठून?"

अप्पांनी फाटकाजवळची टपरी दाखवली. लोक वाढदिवसाला, संकष्टीला तिथून कणकेच्या गोळ्या घेऊन माशांना घालत. "न खाल्लेली कणीक तळाशी कुजते. कुजवणारे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) प्राणवायू संपवतात. वर शेवाळाला फुकट खत." त्यांनी काठीने पाण्यातला एक फुगलेला तुकडा ओढला. "ही मात्र पोळी दिसते."

शलाकाने तुकडा ओळखला. "आमची आहे. रोज प्रत्येकाच्या डब्यातली एक. नव्या जागी उपाशी राहतील म्हणून."

अप्पांनी तो तुकडा काठावर ठेवला. "गळाला मीही कणीकच लावतो," ते म्हणाले.

उद्यानाचे अधिकारी घोरपडे कार्यालयात चहा पीत होते. अप्पांनी सांगितलं, "कारंजी रात्रभर चालू ठेवा. पाणी उडालं की थेंबाथेंबात हवा विरघळते. आणि टपरी बंद करा."

"टपरीला हात लावला तर लोक मला नदीत टाकतील," घोरपडे म्हणाले. "आणि रात्री कारंजी बघायला कोण येणार? मासे?"

"हो," शलाका म्हणाली.

"बाळ, शनिवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत बटणाला मीही हात लावू शकत नाही."

तो मंगळवार होता. वर्गाने त्याच दिवशी पोळ्या बंद केल्या. टपरी चालूच राहिली. बगळे रोज सकाळी पायऱ्यांवर येत राहिले.

शनिवारी समितीने कारंज्यांना होकार दिला आणि कासवाची वेळ पहाटेची केली. टपरीचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. शाळेच्या टाकीत बाईंनी नवी बोटुकली आणून सोडली आणि टाकीवर पाटी लावली: कुणीही खाऊ घालू नये.

रविवारी उजाडताना शलाका आणि अप्पा बंधाऱ्यावर आले. कारंजी उडत होती. पायऱ्या स्वच्छ होत्या, बगळे नव्हते. खंड्याने सूर मारला आणि रिकाम्या चोचीने फांदीवर परतला.

"कासवा, पाण्याखालचा कॅमेरा लाव," शलाका म्हणाली. "आमची बोटुकलीही मोज."

कासव बंधाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पोहून आलं. दिवा हिरवा होता.

"प्राणवायू पाच पूर्णांक दोन. मेलेले मासे शून्य. जिवंत बोटुकली चार."