दैवशालेनं भरलेली मोटार

“अक्का, दुकानाला कुलूप लाव आता. मी जालन्याला नोकरीला लागलो, तू आराम कर!” भागवतनं जेवता जेवता सांगून टाकलं, आणि दैवशालेच्या हातातली भाकर हातातच राहिली...

आराम! वडील कडूबा गेले तेव्हा ती दहावीत होती आणि हा धाकटा भाऊ चौथीत. शाळा सोडून ती त्यांच्या वाटूरच्या दुकानात बसली, शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार भरू लागली. पण बाईच्या हातची मोटार म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडायचं! मंग तिनं भरलेल्या प्रत्येक मोटारीला चिठ्ठी बांधली, ‘काम : भागवत मिस्तरी’. पाढे चुकणारं पोरगं उभ्या तालुक्यात मिस्तरी म्हणून गाजलं! त्याच्या डिप्लोमापायी तिनं चालून आलेली दोन स्थळं परतवून लावली आणि कुणाला त्याचा पत्तासुद्धा लागू दिला नाही.

“दुकान मी चालवीन की,” ती हळूच म्हणाली.

“मोटारींचे कंपनीवाले आता सर्टिफिकेट असल्याबिगर रिपेरीचं काम देत न्हाईत. तुझ्याकडं कागद कुठाय?”

कागद! तो शब्द तिच्या काळजात रुतला. चुलीच्या धुराचं निमित्त करून ती पोटभर रडली... आणि सकाळी तोंड धुऊन तिनं फॉर्म भरला! जुन्या जालन्यात एक केंद्र होतं, तिथं शाळा किती झाली ते विचारत नव्हते. हाताचं काम बघायचे आणि येत असेल तर सर्टिफिकेट द्यायचे. हे हुकलं असतं तर दुकान कायमचं बंद!

परीक्षेला आठ पुरुष आणि ही एकटी. दुपारपर्यंत तिची मोटार भरून झाली, बटण दाबताच झकास सुरू झाली! “आता आपापल्या नावाची चिठ्ठी बांधा,” परीक्षक निवेदिता मॅडम म्हणाल्या. दैवशालेनं बांधली. आणि घात झाला! चौदा वर्षांची सवय, हात आपसूक लिहून गेला...

“भागवत मिस्तरी?” मॅडमच्या कपाळावर आठी पडली. “मी पलीकडच्या खोलीत होते तेवढ्यात ही कुणाची मोटार आणून ठेवलीत?”

“मॅडम, माझीच हाय! चुकून...”

तेवढ्यात परीक्षेला बसलेल्या पुतण्याचा डबा घेऊन नुकतेच आलेले मंठ्याचे शेतकरी कचरूभाऊ उत्साहानं पुढं आले. “अहो, ही भागवत मिस्तरीचीच! माझ्या साऱ्या मोटारी त्यानंच भरल्यात. ही गाठ बघा, अशी गाठ दुसरं कोणी मारत न्हाई!”

झालं! तिच्याच हाताच्या कीर्तीनं तिला चोर ठरवलं! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दारात भागवत उभा होता. रुसलेल्या बहिणीला जेवू घालावं म्हणून कचोरी घेऊन आल्ता. गप्प राहिला असता तर त्याचं नाव शाबूत होतं! पण अक्काचा तो रडवेला चेहरा बघून त्यानं कचोरीची पुडी दारातच ठेवली.

“मॅडम, भागवत मिस्तरी मीच,” तो आत येत म्हणाला. “डिप्लोमा हाय मला, पण मोटार भरता येत न्हाई! आजपर्यंत एक बी भरली न्हाई. सगळ्या हिनं भरल्या, नाव माझं लावलं. मी इतकी वर्षं ते मिरवून राह्यलो!”

कचरूभाऊंनी आ वासला.

मॅडम मोठ्या खमक्या. त्यांनी दोन मोकळ्या मोटारी मागवल्या. “भरा दोघंही!” दहा मिनिटांत भागवतच्या बोटांना तारेचा असा गुंता पडला की सोडवायला दोघं लागले! आणि दैवशालेचे हात... तार जणू तिचं ऐकत होती! मॅडम खुर्ची ओढून शेवटपर्यंत बघत बसल्या. मंग त्यांनी स्वतः उठून टाळ्या वाजवल्या. “पास! आणि दैवशालाताई, पुढच्या तुकडीला शिकवायला याल का?”

“अक्का, चुकलो गं!” भागवत तिच्या पायाशी वाकला. “कुलूप लाव म्हणायला माझी जीभ तरी कशी रेटली!”

तिनं त्याला पोटाशी धरलं. “वेड्या... रडतोस काय? खाऊन घे आधी.”

कचरूभाऊ टोपी काढून संकोचत जवळ आले. “दैवशाला मिस्तरी... माझी एक मोटार जळून पडली हाय. भरून देता का?”

हुंदका आणि हसू एकदमच आलं तिला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं गिऱ्हाईक तिला नावानं हाक मारत होतं!

“उद्या आणा,” ती डोळे पुसत म्हणाली. “जल्दी आणा पण. सकाळी भागवतला बी शिकवायचंय.”