काचेवरची वाफ

गाडी तुमच्या मनात भरली आहे, हे दिसतंय. पण आधी ऐकून घ्या.

ही माझ्या ताईची गाडी. मी गॅरेज काढलं तेव्हापासून ती मला चिडवायला "इंजिनिअरसाहेब" म्हणायची. एकदा गाडीतल्या हीटरचा छोटा रेडिएटर गळायला लागला. तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन दिवसांचं काम. मी हीटरकडे जाणारे दोन पाइप एकमेकांना जोडून टाकले. गळती थांबली, हीटरही बंद पडला. एसीचा गॅस आधीच संपलेला. म्हणजे काचेवरची वाफ घालवायला गाडीत काहीच उरलं नाही.

"थंडीच्या आत नीट करून देतो," मी म्हणालो.

"तुझा उद्या कधी उजाडतो, तेवढं कळव," ती हसली.

थंडी आली आणि मी चालढकल करत राहिलो. एका सकाळी ताई एकटीच निघाली. वळणावर गाडी झाडावर गेली आणि तिच्या बाजूचा दरवाजा चेपला. ताई जागीच गेली. पुढच्या काचेला तडासुद्धा नव्हता. ती आतून पांढरी झाली होती, आणि ताईच्या समोर हाताने घाईघाईत पुसलेला एक गोल होता.

तो गोल मी पाहिला. पाइपांबद्दल भाऊजींना एक अक्षर बोललो नाही. त्याची लाज अजून जात नाही.

तीन महिन्यांनी भाऊजी गाडी घेऊन आले.

"दरवाजा बदललाय. पण काच अजून धूसर होते रे. बघ जरा."

गाडी शेडमध्ये बंद करून मी जेवून आलो. भर दुपारी काच पांढरी झाली होती. आत कुणी नव्हतं.

अशी काच आम्ही बोटाने तपासतो. हीटर गळत असला की चिकट थर बसतो, गोडसर वास येतो. मी आत वाकून बोट फिरवलं. चिकटपणा नाही, वास नाही. नुसतं पाणी, कोमट. बंद गाडीत माणूस बराच वेळ बसला की त्याच्या श्वासाने असं पाणी धरतं.

बोट फिरवलं होतं तिथे पुन्हा वाफ आली... विरली... पुन्हा आली.

"ताई...?"

वाफ तशीच येत-जात राहिली.

त्याच दुपारी मी डॅशबोर्ड उतरवला. दोन दिवसांत नवा रेडिएटर बसवला, पाइप जागेवर लावले, गॅस भरला. भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

आता हीटर आणि एसी, दोन्हींत खोट नाही. हवं तर तपासून घ्या. तरी रोज सकाळी काच पांढरी असते आणि ताईच्या समोर तो गोल असतो. मी सगळी काच पुसतो, म्हणतो, "चुकलं गं माझं."

गेल्या सोमवारपासून गोल सरकलाय. तो शेजारच्या सीटसमोर दिसतो. स्टिअरिंगसमोरची काच कुणी पुसलेली नसते.

नाही, विकायची नाही. आग्रह करू नका.

ताई बुटकी होती, सीट पार पुढे ओढून बसायची. ती सीट मी कधी हलवली नव्हती. आज सकाळी ती मागे सरकलेली होती, माझे पाय नीट मावतील इतकी.