शुक्रवारची कॅसेट

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू दे. पण त्यातली एक कॅसेट मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

साल १९९७. शारजा, अल मजाजमधला फ्लॅट.

अस्मिता माझी आतेबहीण, तेव्हा पंधरा वर्षांची. फोन महाग, म्हणून दर शुक्रवारी घरातले सगळे कॅसेटमध्ये बोलायचे आणि सुट्टीवर निघालेल्या कुणाबरोबर ती देवरुखला आमच्या आजीला पाठवायचे. शेवटी बोलायचा तिचा धाकटा भाऊ निनाद. नाक कायम चोंदलेलं, पण बडबड अखंड.

त्या हिवाळ्यात निनाद मेंदूज्वराने गेला.

आजीचं हृदय अधू. तिला कळू द्यायचं नाही, असं मोठ्यांनी ठरवलं. ठरवणाऱ्यांचं काय जातं!

पुढच्या कॅसेटनंतर आजीने विचारलंच, "निन्या का नाही बोलला?"

विभावरीआत्या लेकीला म्हणाली, "तुझा आवाज त्याच्यासारखाच आहे गं. एकदाच बोल."

"मम्मी, प्लीज... आय कान्ट."

"आजीला मारायचंय का तुला?"

पोरगी बोलली. आधी स्वतःचं, मग नाक दाबून निनादचं. नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

देवरुखला आजीला ती कॅसेट मीच लावून दिली. तिने उलट निरोप भरला...

"निन्या, किती गोड बोललास रे! पण अस्मी का गप्प? तिचा एक शब्द नाही."

खरंच नव्हता.

तो निरोप ऐकून अस्मिताने ठरवलं, आता आजीला खरं सांगून टाकायचं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तिने रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं.

"आजी, मी अस्मिता. निनाद गेला."

कॅसेट मागे फिरवून लावली.

एसीची घरघर...

मग चोंदलेल्या नाकातला आवाज...

"आजी, मी निनाद. अस्मिता गेली."

तिने ओरडायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

दारात आत्या उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आई आता धावत येईल, पोटाशी धरेल, असं अस्मिताला वाटलं.

आत्या टेपरेकॉर्डरपाशी बसली. गालांवर पाणी, ओठांवर हसू.

"पुन्हा लाव," म्हणाली.

अस्मिताने लावली. काय करणार?

आज तिला दोन मुलं आहेत. मला ती फक्त टाइप करून लिहिते. गेल्या शुक्रवारी मात्र तिचा व्हॉइस मेसेज आलाय...

मी अजून ऐकलेला नाही.