दोन शिट्ट्या

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्याच्यावर हे ओढवलं तो माझा मामेभाऊ आहे. आणि ज्या पिसांच्या माशीमुळे सगळं उघडं पडलं, ती या क्षणी माझ्या टेबलाच्या खणात आहे.

रात्र-बित्र नव्हती. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन.

भावाला सगळे मिस्त्री म्हणतात. गाड्यांचं गॅरेज आहे त्याचं. कान असे तयार, की बोनेट न उघडताच सांगायचा, "तिसऱ्या सिलिंडरची बोंब आहे." गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची.

त्याला नाद एकच, ट्राउट मासे. डोंगरातल्या थंड ओढ्यात छातीपर्यंतची रबरी विजार चढवून उभं राहायचं आणि गळावर पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायची. हा नाद लावला दाजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने. दाजी शिंपी. माशा तेच बांधायचे, दुकानातल्या किरमिजी दोऱ्याने. डावखुरे होते, म्हणून त्यांच्या दोऱ्याचे वेढे उलटे पडायचे.

"निघाले दोघं माशा मारायला," ताई म्हणायची.

दोघांचा एक नियम होता. ओढा ओलांडण्याआधी दोन शिट्ट्या. त्या ऐकल्या की प्रवाहाच्या खालच्या अंगाला असेल त्याने हातातलं सगळं सोडून, काठी घेऊन पाण्यात तयार राहायचं. कारण पाय निसटला आणि त्या विजारीत पाणी भरलं, की माणूस धोंड्यासारखा तळाला जातो.

त्या शनिवारच्या दीड वर्ष आधी दाजी तसेच गेले.

पोलिसांना, ताईला, मला, मिस्त्रीने एकच सांगितलं. "मला काही ऐकू आलं नाही. दाजींनी शिट्टी वाजवलीच नसणार."

त्या कानांवर कोण शंका घेणार?

ताईने दाजींचा फोटो भिंतीवरून उतरवला. "दोन शिट्ट्या मारायला काय जात होतं या माणसाचं?" येईल त्याला ती हेच विचारायची. नवऱ्यासाठी रडायचं सोडून दीड वर्षं ती त्याच्यावर चिडून होती.

त्या शनिवारी मिस्त्री एका नव्या ओढ्यावर गेला. जुन्या जागेपासून दोनशे किलोमीटर लांब. मुद्दामच. तिथे त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं, दाजींनीही नाही.

पहिल्याच फेकीला मासा लागला. त्याने तो हातात घेतला आणि...

माशाच्या ओठात आधीच एक माशी रुतलेली होती.

किरमिजी दोरा. उलटे वेढे.

"असेल कोणी डावखुरा," तो स्वतःशीच पुटपुटला आणि मासा सोडून दिला.

दुसरा मासा लागला... तीच माशी.

तिसरा... तीच.

या वेळी त्याने ती काढून घेतली. दोरा कोरा करकरीत होता, आत्ताच रिळावरून तोडल्यासारखा.

मग त्याच्या लक्षात आलं, पक्षी गप्प झालेत.

पानांची सळसळही गेली. गळाची दोरी गुंडाळायचं चक्र फिरत होतं, पण त्याची करकर येत नव्हती. आणि शेवटी...

पाण्याचा आवाज गेला.

ओढा मांड्यांवर आदळतोय, फेस उडतोय आणि आवाज नाही. त्याने टाळी वाजवून पाहिली. ओरडून पाहिलं. घसा खरवडल्याचं कळलं, ऐकू काहीच आलं नाही.

आणि त्या मुक्या पाण्यात, वरच्या अंगाने...

दोन शिट्ट्या.

दाजींच्याच. पुढचा दात पडल्यापासून त्यांची दुसरी शिट्टी शेवटी घसरायची. ही पण घसरली.

पुन्हा दोन. जवळून.

पुन्हा दोन. अगदी खांद्याशी.

मग गार, ओला श्वास त्याच्या कानावर आला.

"ऐकू आली नव्हती ना? बरं. आता एवढीच ऐक."

दुपारी मी ताईकडे बसलो होतो. दार ढकलून मिस्त्री आत आला, ओल्या विजारीसकट, एक मूठ आवळलेली. ती त्याने ताईपुढे उघडली. आणि नको इतक्या मोठ्या आवाजात बोलायला लागला.

"शिट्टी वाजली होती, ताई. दोनदा नाही, सहादा. माझ्या गळाला तेव्हा मोठा मासा होता. म्हटलं, अर्धं मिनिट. अर्ध्या मिनिटात काय होतंय..."

ताईने ती माशी उचलली. नखाने दोऱ्याचा एकेक वेढा चाचपला. मग आत जाऊन तिने दाजींचा फोटो आणला आणि होता त्याच खिळ्याला टांगला. नंतर मिस्त्रीसमोर उभं राहून एकच वाक्य बोलली. सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत.

त्याला ते ऐकू आलं नाही.

तीन डॉक्टर झाले. तिघंही म्हणतात, कानात काही दोष नाही. आम्हाला वाटलं, खरं बोलून टाकलंय, आता दाजी सोडतील. चार महिने झाले. गॅरेजमध्ये हल्ली तो बोनेटवर तळहात टेकून उभा राहतो, इंजिनाची नुसती थरथर घेत, आणि गिऱ्हाइकं गाडी दुसरीकडे नेतात.

मी गेलो की वही पुढे करतो. "ताई काय म्हणाली?" प्रत्येक पानावर हाच प्रश्न. मी उत्तर लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. भाऊ आहे तो माझा.

आणि मध्येच तो ताठ होतो. हातातला पाना खाली टाकतो, कोपऱ्यातली काठी उचलतो आणि दारात जाऊन पाय रोवून उभा राहतो. आता अर्धं मिनिटही लावत नाही. तो तसा उभा असला की माझेही कान आपोआप दाराकडे लागतात.

मला अजून काही ऐकू आलेलं नाही.

पण हे वाक्य लिहायलासुद्धा मला भीती वाटते.